कानाझावात तू मला सोनं लावलंस

मालन,

आज सकाळी तुला बघून आले. त्याचं शेवटी सांगते.

तू जाऊन बारा दिवस झाले आणि तुझं दहन अजून व्हायचंय. इथं विलायतेत मेल्यावरसुद्धा नंबर लागतो. सोमवारची सव्वातीनची वेळ मिळालीय, चाळीस मिनिटं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्यात माझी वेणीपण होत नाही." स्नेहल, तुझी थोरली सून, मला म्हणाली, "मावशी, सोमवारी तुम्ही दोन शब्द बोला. आधी लिहून काढा, म्हणजे ऐनवेळी ब्लँक व्हायला होणार नाही." म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेली, मला काय लिहिता येतंय? तर म्हणते, "आईंशी बोलायचात तसं लिहा." म्हणून लिहितेय. तुझं माहेर कुठलं, नातवंडं किती, ते ती वाचणारे. मी आपलं कानाझावाचं लिहिते. तिथं तू माझ्याकडं एक गोष्ट मागितलीस आणि मी नाही म्हटलं. सध्या माझ्या डोक्यात तेवढंच आहे, दुसरं काही सुचत नाही. यातलं किती वाचायचं ते सोमवारी बघेन.

मागच्या नोव्हेंबरात गेलो आपण. तुझा धाकटा मिलिंद तिकडं मशिनींच्या कंपनीत लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. सारखा बोलवायचा. भाऊजींचे गुडघे एवढ्या लांबच्या विमानाला तयार नव्हते. तू पोराला फोनवर सांगून टाकलंस, "इंदू येणार असेल तर येते. नाहीतर तूच ये इकडं." मला विचारलंपण नव्हतंस. मी म्हटलं, "माझं काय काम तिथं?" तर म्हणालीस, "काम नाही म्हणूनच चल. जन्मात एकदा तरी बिनकामाचं कुठंतरी जाऊन बघ." खरं होतं ते. हाउन्सलोला आल्यापासून मी चारदा गावी गेले, त्यात तीनदा कुणीतरी गेलं म्हणून.

टोकियोवरून ती पळणारी गाडी. आपण डबा उघडून चपाती-भाजी खाल्ली, तुला जरा डुलकी लागली, तोवर कानाझावा आलं. स्टेशनाच्या तोंडाशी लाकडाचं केवढं मोठं दार. त्याचे खांब असे पिळलेले, आपण ओला पंचा पिळतो तसे. तू मान वर करून बघत राहिलीस.

"मम्मी, हा गेट ड्रमसारखी आहे," मिलिंद म्हणाला. "त्यांच्या म्युझिकचा ड्रम."

"एवढं मोठं दार केलं आणि कडी कुठंय?" तू म्हणालीस.

बिचाऱ्याला वाटलं तू खरंच विचारतेस. तो कडी शोधायला लागला.

त्याचं घर एवढंसं. जमिनीवर गाद्या घालून झोपायचं. मला फार बरं वाटलं. मालवणला माझ्या आईकडं आम्ही सहा जणं अशीच ओळीनं झोपायचो. सकाळी तू उठायला मात्र वेळ लावायचीस. भिंतीला धरून, एक गुडघा, मग दुसरा. मी म्हटलं, "काय गं, म्हातारी झालीस?" तू म्हणालीस, "तू काय सोळाची आहेस?" आणि पर्समधून गोळ्या काढून घेतल्यास. व्हिटॅमिन म्हणालीस. मी विश्वास ठेवला.

पहिल्या दिवशी त्यानं मोठ्या बागेत नेलं, केनरोकुएन नाव तिचं. तळं, पूल, दगडी दिवा. दिव्याला दोन पाय, एक पाण्यात आणि एक दगडावर. आणि माणसं शिड्या लावून पाइनच्या झाडांना दोऱ्या बांधत होती. मध्ये एक उंच खांब उभा करायचा आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला एकेक दोरी, छत्रीच्या काड्यांसारखी. मिलिंद म्हणाला, पुढं बर्फ फार पडतो, त्याच्या वजनानं फांदी मोडू नये म्हणून आत्ताच बांधून ठेवतात. जुन्या झाडांना खालून लाकडाचे टेकूपण होते.

"बघ इंदे," तू म्हणालीस, "इथं झाडालासुद्धा म्हाताऱ्यांची टेकून चालायची झिमर फ्रेम देतात. आणि आपल्या ह्यांना बाथरूममध्ये एक दांडा बसवून द्यायला कौन्सिल दोन वर्षं फॉर्म भरून घेतंय."

त्या बागेत तू दर दोन मिनिटांनी बाकावर बसायचीस. मला वाटलं, तुला आवडलंय, निवांत बघतेस. मीपण बसायचे. वरचा माणूस दोरी खाली सोडायचा, खालचा ती फांदीला बांधून जरा ओढून बघायचा. दोघं म्हातारेच होते. एकमेकांना काही सांगावं लागत नव्हतं. तू म्हणालीस, "ह्यांनी पण एका बेल्टवर जन्म काढलेला दिसतोय." मी हसले, आपली किचनमधली नोकरी आठवून. आता वाटतं, तुला तिथं काहीतरी सांगायचं होतं आणि मी फांद्या बघत बसले.

मग बाजार. ओमिचो म्हणतात त्याला. आत पाय ठेवला आणि माझं नाक माहेरी गेलं. खेकडे, कोळंबी, कालवं, बर्फावर ओळीनं मांडलेले मासे, आणि बायकाबाप्ये ओरडतायत गिऱ्हाइकाला. शब्द एक कळत नव्हता पण काय म्हणतायत ते सगळं कळत होतं. तू तुझ्या सवयीनं वांगी दाबून बघायला लागलीस. मिलिंदनं हात धरला.

"मम्मी, इथे दाबत नाही कोणी."

"मग आत किडकं आहे का कसं कळतं?"

"ट्रस्ट करतात."

"कुणावर? वांग्यावर?"

तो दिवस गुरुवार होता. तुझा गुरुवार म्हणजे कांदा-लसूणपण नाही. दुपारी भाताबरोबर वाटीत ते सूप आलं, वर टोफूचे तुकडे तरंगत होते. तू दोन वाट्या प्यायलीस, "छान आहे गं, आपल्या कळणासारखं," म्हणालीस. तेव्हा कुठं मिलिंदला आठवलं. "मम्मी, त्याच्यात फिशचं पाणी असतो." मला वाटलं आता ही उठून चूळ भरायला जाणार. तू वाटीत बघितलंस, मिलिंदकडं बघितलंस. "मासा दिसतोय का?" "नाही, फक्त स्टॉक." "मग दिसत नाही ते देवालापण दिसलं नसेल," म्हणालीस आणि तिसरी वाटी मागितलीस. मी तुला दोन दिवस चिडवत होते त्यावरून. ते मला महागात पडलं पुढं.

नंतर एक दिवस तिथली करीपण खाल्ली आपण. काळीकुट्ट, घट्ट, आणि बाजूला कच्च्या कोबीचा ढीग. काट्यानं खायची. तू वास घेऊन म्हणालीस, "खाली लागलीय." मिलिंद म्हणाला, नाही, तशीच असते, फेमस आहे. "असेल फेमस. पण खाली लागलीय." सगळी खाल्लीस मात्र.

पण खरी गंमत झाली ती त्या गुरुवारी रात्रीच्या जेवणाला, त्या फिरत्या पट्ट्याच्या हॉटेलात. छोट्या ताटल्यांत भाताचे मुटके, वर कच्चा मासा, आणि त्या ताटल्या पट्ट्यावरून आपल्यासमोरून फिरत जातात, हवी ती उचलायची. आता आपण दोघी बावीस वर्षं बेल्टवर उभ्या होतो, विमानातल्या जेवणाच्या किचनमध्ये. ट्रे पुढं सरकायचा, त्यात तू पाव आणि लोणी टाकायचीस, मी काटे-चमचे आणि सॅलडची डबी. आपल्याला बेल्टसमोर नुसतं बसायची सवयच नाही. एक ताटली तिरकी आली, मी सरळ केली. मागचीवरचं हिरवं पान घसरलं होतं, ते तू उचलून जागेवर ठेवलंस. तिसरी कडेला आली होती, मी आत सारली. चौथी तू. आपण बोलतच होतो, भाऊजींनी दूध फ्रीजमध्ये ठेवलं असेल का वगैरे, हात आपले चालूच. मग मध्ये दोन ताटल्यांची जागा रिकामी आली तर तू चक्क मराठीत ओरडलीस, "अगं गॅप आहे, गॅप!"

मिलिंद बाथरूममधून आला आणि बघतो तर काय. "मम्मी! मावशी! काय करता? हात नाही लावायचा! हात लावला की खायचा, परत नाही ठेवायचा!"

मासा कापणारा सुरी हातात धरून थांबला होता. एक मुलगी आली, कमरेत वाकली. मिलिंद तिच्यापेक्षा खाली वाकला. मग तीन-चार वेळा दोघं वाकले. तिनं आपण हात लावलेल्या सगळ्या ताटल्या पट्ट्यावरून काढून आपल्यासमोर आणून मांडल्या. सात होत्या. काकडी आणि मुळ्याच्या दोन तू घेतल्यास. राहिलेल्या पाच माझ्यासमोर सारल्यास.

"खा. मालवणची ना तू?"

"अगं, मालवणला शिजवतात!"

"क्वालिटी चेक केलंस ना? आता खा."

मी खाल्ल्या. ऑक्टोपसपण खाल्ला. तू हसून हसून टेबलावर डोकं ठेवलंस. तुझं ते हसणं, आवाज न येणारं, नुसते खांदे हलणारं. बेल्टवर बोलायला मनाई होती तेव्हा शिकलेलं.

परत येताना मला जुनं सगळं आठवत होतं. तुला बोलले नाही, तुला माहीतच होतं ते. पण सोमवारी ऐकायला बसतील त्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. आमचे हे विमानतळावर सामान चढवायचे. एक दिवस कामावरच छातीत कळ आली, घरी आलेच नाहीत. मी एकोणतीसची. मुलं सहा आणि तीन वर्षांची. तेराव्याला सासूबाईंनी पुढच्या खोलीत, चार बायकांच्या देखत, ओल्या फडक्यानं माझं कुंकू पुसलं. त्यांचा राग मी कधी धरला नाही. त्यांचंपण कुणीतरी तसंच पुसलं होतं. चौदाव्या दिवशी मी बेल्टवर. हेअरनेट ओढून भुवयांपर्यंत घेतली, कपाळ दिसू नये म्हणून. तू शेजारी उभी होतीस, आपली तेव्हा तोंडओळख नुसती. तू काही विचारलं नाहीस, हातपण धरला नाहीस. माझे काटे-चमचे मागं पडायला लागले की ते तू टाकायचीस आणि तुझा पाव-लोणीपण. आठवडाभर सुपरवायझरला कळलं नाही की बेल्टवर एक बाई नुसती उभी आहे.

पुढं पहाटेच्या शिफ्टला माझी पोरं तुझ्या घरी असायची. तुझ्या हातची पोळी खाऊन शाळेत जायची. थोरला अजून म्हणतो, मावशीची पोळी तुझ्यापेक्षा मऊ. म्हणू दे. मी कधी थँक्यू म्हटलं नाही तुला. आपल्यात ते म्हणायची पद्धत नव्हती आणि म्हटलं असतं तर तू मारलं असतंस.

आता सोन्याचं सांगते.

दुसऱ्या दिवशी आपण जुन्या चहाघरांच्या गल्लीत गेलो. काळ्या लाकडाची बुटकी घरं, बारीक बारीक गज. मिलिंद ऑफिसला गेला होता, दोघीच होतो. तू एका चिनीमातीच्या दुकानात शिरलीस आणि संक्रांतीच्या वाणासाठी एकवीस छोट्या ताटल्या घेतल्यास, निळ्या-पिवळ्या, पक्षी काढलेल्या. दुकानातल्या बाईनं एकेक ताटली दोन दोन कागदांत अशी गुंडाळली की जणू बाळंतविडा. अर्धा तास गेला. तू मला म्हणालीस, "बघ, हिला बेल्टवर घेतली असती तर पहिल्याच दिवशी काढली असती." पण तू अगदी मन लावून बघत होतीस ती कशी गुंडाळते ते.

मग सोन्याचं दुकान. तिथं सोन्याचा वर्ख करतात, पूर्वीपासून. सगळ्याला लावतात, डब्यांना, काड्यांना, साबणाला. आइस्क्रीमवरसुद्धा अख्खं पान घालून देतात. तू ते खाल्लंस आणि तुझ्या वरच्या ओठाला सोन्याची मिशी आली. आत एक म्हातारी बांबूच्या चिमट्यानं पानं उचलत होती. एकेक पान एवढं पातळ की श्वास सोडला तर उडेल. तिनं बघायला म्हणून तुझ्या हातावर एक चिमूटभर तुकडा ठेवला. तू बघितलंस. बोटाच्या टोकानं तो उचललास. आणि मला काही कळायच्या आत माझ्या कपाळावर, मधोमध, टेकवलास.

चव्वेचाळीस वर्षांत तिथं कुणाचं बोट लागलं नव्हतं.

मी पुसायला गेले तर ते आणखी पसरलं. सोनं पुसलं जात नाही, कातडीत बसतं. ती म्हातारी हसत टाळ्या वाजवत होती, तिला काय माहीत. मी तुला तिथंच टाकून बाहेर आले. तू पिशव्या घेऊन मागनं आलीस, धापा टाकत. "थांब गं, थांब की." समोर चहाचं दुकान होतं, तू मला दंडाला धरून आत बसवलंस. तो हिरवा फेसाचा चहा आला आणि बरोबर पानाच्या आकाराची एक मिठाई. दोघींनी हात लावला नाही.

"कोण बघतंय इथं?" तू म्हणालीस.

"कोणी बघत नाही म्हणून लावायचं? मग हाउन्सलोला उतरल्यावर काय, परत पुसायचं? एकदा पुसलं तेवढं बस झालं मला."

"परत पुसायचं नाहीच. या संक्रांतीला तू पुढच्या खोलीत बसायचं. मी तुला लावणार, तू मला लावणार. आणि ह्या ताटल्या तू वाटायच्या. किती वर्षं माझ्या सिंकपाशी उभी राहणार आहेस?"

"मला तिथं बरं वाटतं."

"खोटं बोलतेस. मला गुरुवारी सुपात मासा चालतो आणि तुला कपाळावर एवढंसं सोनं चालत नाही?"

तेव्हा मी तुला सांगितलं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. हे गेल्यावर दोन वर्षांनी तू मला तुझ्या हळदीकुंकवाला ओढून पुढच्या खोलीत आणलं होतंस, हातात करंडा दिला होतास, "लाव सगळ्यांना" म्हणून. तू मागं वळून चहाला गेलीस. मी पहिलीच्या समोर वाकले, बोट पुढं केलं, आणि तिनं कपाळ मागं घेतलं. फार नाही. एवढंसं. बोटभर. मी करंडा टीपॉयवर ठेवला आणि तुझ्या किचनमध्ये आले, कपबश्या धुवायला. त्यानंतर दरवर्षी तिथंच.

तू पांढरी पडलीस. "कोण होती?"

"सोड."

"इंदे, नाव सांग. मी तिला—"

"म्हणूनच सांगत नाही."

तू ताटल्यांची पिशवी पायाशी सरकवलीस. मग म्हणालीस, "बरं. तू लावून घेऊ नकोस. पण मला तरी एकदा लाव. आपण दोघीच असताना लाव. मी नाही मागं घेणार कपाळ."

मी म्हटलं, "नको म्हटलं ना, मालन."

तू मान हलवलीस. तो कडू चहा दोन्ही हातांनी उचलून शेवटपर्यंत प्यायलीस. मिठाई माझ्यापुढं सारलीस. त्यानंतरचे चार दिवस आपण किल्ला बघितला, पोरांना मोजे घेतले, गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसलो, पण तू परत तो विषय काढला नाहीस. काढला असतास तर बरं झालं असतं.

आता तुला दोन गोष्टी सांगते.

एक, ते सोनं. घरी परतल्यावर मी तुला म्हटलं होतं, घासूनपण निघत नाही. मी घासलंच नाही. मिलिंदच्या त्या एवढ्याशा आरशात बघितलं, कपाळाच्या आठीत एक बारीक रेघ चमकत होती. तोंड धुताना मी त्याच्या बाजूबाजूनं धुतलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गेलं आपोआप.

दुसरी, ती बाई. तुझी नणंद होती, हॅरोच्या वन्सं. तुझ्या घरात भांडण नको म्हणून नाव घेतलं नाही. तुझं त्यांच्याकडं वर्षानुवर्षं जाणं-येणं, भाऊजींची एकच बहीण. मी नाव घेतलं असतं तर तू त्यांना दारात उभं केलं नसतंस, मला तू माहीत आहेस.

जानेवारीत तुझं हळदीकुंकू झालं. मी सकाळीच आले, तिळगूळ वळले, मसाला दूध केलं. बाहेर बायकांचा आवाज. तू ताटल्यांचा ट्रे घेऊन आत आलीस, दारात उभी राहिलीस. नुसतं म्हणालीस, "येतेस?"

मी म्हटलं, "दूध उतू जाईल."

गॅस बंद होता, मालन. तुला दिसत होता. तू ट्रे घेऊन बाहेर गेलीस.

आठवड्यानं स्नेहलनं मला सांगितलं. तुझं दुखणं तुला सप्टेंबरातच कळलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध दिलं तर थोडे महिने जास्त, पण प्रवास नाही. तू म्हणालीस, मग मला प्रवास द्या. फक्त भाऊजींना सांगितलंस. मला का नाही सांगितलंस म्हणून मी हॉस्पिटलमध्ये तुझ्याशी भांडले, आणि तू म्हणालीस, "तुला कळलं असतं तर तू तो ऑक्टोपस खाल्ला असतास का?" राग आहे मला. अजून आहे. मला माहीत असतं तर त्या चहाच्या दुकानात मी नाही म्हटलं नसतं. आणि तुला ते तसं नको होतं, तेपण कळतंय. दया म्हणून नको होतं.

आता आज सकाळचं.

फ्यूनरलवाल्यांनी दहाची वेळ दिली होती तुला आंघोळ घालून तयार करायची. स्नेहलचा काल फोन आला. "मावशी, मला यातलं काहीच माहीत नाही, हॅरोच्या आत्या येतायत सांगायला. तुम्ही पण याल ना? जस्ट असायला?" मी हो म्हटलं.

बसनं गेले. वन्सं आधीच आल्या होत्या, खुर्चीत बसून. त्या आता किती वाकल्यात. मागच्या वर्षी त्यांचे मिस्टर गेले, त्यांचंपण कपाळ मोकळं. तिथली गोरी बाई चांगली होती, कोमट पाणी, टॉवेल, सगळं मांडून ठेवलेलं. मी आणि स्नेहलनं तुला पुसलं. गार होतीस. हिरवी साडी नेसवली, नऊवारी नको म्हणाली होतीस म्हणून पाचवारीच. बांगड्या चढेनात, स्नेहल रडायला लागली. मी साबण लावून चढवल्या. मग तिनं पर्समधून करंडा काढला आणि थांबली.

"आत्या, कुंकू कोणी लावायचं? मी लावू?"

वन्सं बोलायच्या आधी मी म्हटलं, "मी लावते."

स्नेहल एकदा माझ्याकडं, एकदा आत्यांकडं. मला वाटलं, आता होणार. मी ठरवूनच आले होते, काही म्हटलं तरी मागं फिरायचं नाही. वन्सं जमिनीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "लाव बाई. मी कोण आता सांगणारी? माझं तरी काय राहिलंय?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना आठवतंय की नाही, मला माहीत नाही. विचारणार नाही कधी. मी म्हटलं, "वन्सं, इकडं या. हळद तुम्ही लावा."

"मी?"

"तुम्हीच. वहिनी तुमची."

स्नेहलनं हात देऊन त्यांना उठवलं. त्यांनी हळद लावली. थोडी तुझ्या भुवईवर सांडली, ती मी पुसली. मग मी करंडा घेतला. कोरडं कुंकू बसेना. स्नेहलजवळ ओठांना लावायचं मलम होतं, ते आधी लावलं आणि वर बोट टेकवलं. चांगलं ठसठशीत, तुला बारीक आवडायचं नाही. एकदा लाव म्हणाली होतीस. लावलं.

आपल्यात कसं असतं, एकीनं लावलं की मग दुसरीनं लावायचं. मला कळत होतं गं, एवढी काही मी खुळी नाही. तरी लावून झाल्यावर मी तशीच वाकून राहिले, कपाळ तुझ्यापुढं करून. किती वेळ ते स्नेहलला माहीत. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, बरं केलं.

ती गोरी बाई दाराशी येऊन हळूच म्हणाली, "डू यू नीड अ बिट मोर टाइम, लव्ह?"

म्हटलं, "नो. फिनिश्ड." आणि सरळ झाले.

— तुझी इंदू